अठ्ठावीस त्रेचाळीस

पोहण्याच्या तलावावर तिला सगळे सिस्टर म्हणायचे. दवाखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ती हाक काही निवृत्त झाली नव्हती. मुलं सिस्टर म्हणायची, मुलांचे आईबाप सिस्टर म्हणायचे, गेटवरचा वॉचमनही सिस्टरच म्हणायचा. ताई म्हणणारी एवढ्या गर्दीत एकच होती, तिची धाकटी बहीण. ती या तलावाची प्रशिक्षक. तिला सगळे मॅडम म्हणायचे आणि जरा बिचकूनच असायचे.

सिस्टर तिथे टाइमकीपर होती. मान फारसा नाही, सावली तर अजिबात नाही. वर्षातून पाच-सहा स्पर्धा, आणि प्रत्येक वेळी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कंबरेचा भुगा करून घ्यायचा. या कामात ती पडली ती खेळमास्तरांमुळे. तेव्हा तलावाच्या स्पर्धा तेच बघायचे. पायात काच गेली म्हणून ते दवाखान्यात आले, आणि ही त्यांची नाडी मोजत असताना शेजारच्या खाटेवरच्या माणसाने औषधाचा अख्खा ट्रे उधळून दिला. सगळा वॉर्ड धावला. हिची नजर मनगटावरच्या घड्याळावरून हलली नाही. मिनिट पुरं झाल्यावरच तिने मास्तरांचा हात सोडला आणि मग ट्रे उचलायला गेली. "बाई, स्टॉपवॉच धरायला तुमच्यासारखंच माणूस हवंय आम्हाला," मास्तर म्हणाले. ती सत्तावीस वर्षांची होती. धाकटी सतरा वर्षांची, आणि तेव्हा नुकतीच तलाव गाजवायला लागली होती.

क्लबच्या भिंतीवर विक्रमांचा फलक होता. फलक म्हणजे एकाखाली एक, खिळ्यांना अडकवलेल्या लाकडी पट्ट्या. विक्रम मोडला की पेंटर ती पट्टी काढायचा, घासायचा, नवं नाव आणि नवा आकडा रंगवून परत अडकवायचा. वरच्या पट्ट्या वर्षा-दोन वर्षांनी खाली यायच्या. सगळ्यात खालची मात्र एकतीस वर्षं जागची हलली नव्हती. मुली, पन्नास मीटर, फ्रीस्टाइल. धाकटीचं नाव, आणि पुढे २८.४३.

बाकांवर बसलेल्या पालकांचा तो आवडता विषय होता. जगातले काही विक्रम कधीच मोडायचे नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत. का मोडायचे नाहीत, यावर मात्र तासन्‌तास वाद. कुणी म्हणायचं, तेव्हाचं दूध वेगळं होतं. कुणी म्हणायचं, तेव्हा मुलींच्या हातात मोबाइल नव्हते. एका आजोबांचं म्हणणं तर असं की तेव्हाचं पाणीच पातळ होतं. शेवटी कुणीतरी सिस्टरकडे वळायचं, "तुम्ही तर होतात ना तिथे? घड्याळ तुमच्याच हातात होतं म्हणे?" सिस्टर "हो, होते की" म्हणायची आणि पर्समध्ये चष्म्याचं घर शोधायला लागायची. चष्मा नाकावर असला तरी.

कारण तो विक्रम का मोडत नाही हे तलावावर दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक ती होती.

पन्नास मीटरची शर्यत म्हणजे एकच लांबी. पोहणारे पलीकडच्या काठावरून उडी घेतात आणि अलीकडच्या काठाला हात लावतात. टाइमकीपर अलीकडे उभे, पिस्तूल पलीकडे. आवाजाला पन्नास मीटर यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. म्हणून टाइमकीपरला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की आवाजावर बटण दाबायचं नाही, पिस्तुलाचा धूर दिसला की दाबायचं. आवाजावर दाबलं तर घड्याळ उशिरा सुरू होतं आणि पोहणारा कागदावर तेवढा वेगवान होतो. सातवा भाग म्हणजे काय, असं वाटेल. पन्नास मीटरच्या शर्यतीत त्याच्या निम्म्यात तीन-तीन मुली येऊन जातात.

एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या फायनलला संध्याकाळचे पाच वाजले होते. सूर्य पलीकडच्या काठावर, स्टार्टरच्या डोक्यामागे. पाण्यावरून उजेड असा वर येत होता की पलीकडे माणूस आहे का खांब तेही कळेना. धाकटीच्या लेनवर तीन घड्याळं होती. खेळमास्तरांचं, सिस्टरचं, आणि पेंटरचं. पेंटर तेव्हा चाळिशीतला, बोलायला हळू, चालायला हळू. डोक्यावर मोठ्या काठाची, डोळ्यांवर सावली पाडणारी कापडी टोपी. सिस्टरने डोळे बारीक केले, मग आणखी बारीक केले, आणि डोळे जवळजवळ मिटलेले असताना ठो झालं. अंगठा आपोआप दाबला गेला.

मास्तरांच्या घड्याळात आलं अठ्ठावीस एक्केचाळीस. सिस्टरच्या घड्याळात अठ्ठावीस त्रेचाळीस. पेंटरच्या घड्याळात अठ्ठावीस सत्तावन्न. तीन घड्याळं तीन तऱ्हा बोलली की मधलं धरायचं, असा नियम. मधलं सिस्टरचं.

"पेंटर, अंगठा झोपला होता काय तुमचा?" मास्तर म्हणाले आणि सगळे हसले. धाकटी अजून पाण्यातच होती, दोन्ही हात वर करून. अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, जे घरी कधी मोठ्याने बोलले नाहीत, ते काठावर बसून हुंदके देत होते. त्या गडबडीत पेंटर सिस्टरजवळ आला आणि हळूच विचारता झाला, "सिस्टर, तुम्हाला धूर दिसला होता?"

"हो, दिसला की."

"मग माझंच चुकलं असेल," तो म्हणाला.

एवढंच. त्या दिवसापासून त्याला तलावावर सावकाशभाऊ हे नाव पडलं आणि त्याने स्टॉपवॉच पुन्हा हातात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याने ती पट्टी मात्र रंगवली. २८.४३, चांगल्या ठसठशीत अक्षरात. दर पावसाळ्यानंतर तो त्यावर पुन्हा हात फिरवायचा. सिस्टर समोरून गेली की ब्रश थांबवून म्हणायचा, "बरं आहे ना?" आणि ती म्हणायची, "बरं आहे." तिला तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

धाकटीने पुढे तीन वर्षं त्या आकड्याच्या मागे जिवाचं रान केलं. परगावच्या मोठ्या तलावांवर तेव्हा वेळ मोजणारी विजेची यंत्रं आली होती. तिथे तिला अठ्ठावीस एकसष्ट आलं, अठ्ठावीस एकोणसाठ आलं, एकदा अठ्ठावीस पंचावन्न आलं. त्रेचाळीस काही परत आलं नाही. विसाव्या वर्षी तिने पोहणं सोडलं आणि शिट्टी गळ्यात घातली. मग पुढे मुलींना दम भरताना ती त्या पट्टीकडे बोट दाखवायची, आणि सिस्टरला वाटायचं, गेलं ते सगळं गेलं, निदान एवढं तरी तिच्याजवळ राहिलं. ते काढून घेणारी मी कोण? असं स्वतःला समजावण्यात एकतीस वर्षं निघून जातात, कळतही नाही.

आणि या वर्षी काडी त्या आकड्याजवळ आली.

काडी म्हणजे धाकटीची विद्यार्थिनी. अंगाने नावाप्रमाणे, खांदे तेवढे रुंद. वय सतरा वर्षं अकरा महिने. राजधानीतल्या प्रशिक्षण केंद्राची एक जागा या तलावाला मिळायची, आणि अट अशी की अठराच्या आत तलावाचा विक्रम मोडला पाहिजे. पुढच्या महिन्यात काडी अठराची होणार. म्हणजे आजची स्पर्धा शेवटची. मागच्या स्पर्धेत तिला बावन्न आलं होतं. आज सकाळच्या फेरीत, यंत्रावर, अठ्ठावीस पन्नास. बाकांवरचे लोक "सात शतांश फक्त" म्हणत होते. सिस्टर खुर्चीत बसून पाण्याकडे बघत होती. या पोरीने विक्रम कधीच मोडलाय, एकदा नाही दोनदा, हे तिला कुणाला सांगता येत नव्हतं. सांगता येत नव्हतं म्हणजे काय, तोंड होतं की तिला.

दुपारी यंत्र जळालं. हात लागताच वेळ थांबवणाऱ्या टचपॅडच्या पेटीतून आधी वास आला, मग धूर, मग मेकॅनिक हात झटकत बाहेर आला आणि म्हणाला की आज काही होत नाही. मुख्य पंचांनी सगळ्यांना बोलावलं. "फायनल हातातल्या स्टॉपवॉचवर घेऊ. कपाटातलं जुनं पिस्तूल काढा. प्रत्येक लेनला तीन टाइमकीपर. आणि विक्रम झाला तर तो धरला जाईल, कारण जुना विक्रमही स्टॉपवॉचवरचाच आहे. दोन्हीकडे सारखंच."

दोन्हीकडे सारखंच. स्टॉपवॉच सिस्टरने पदराला पुसलं आणि पुन्हा धरलं.

चौथ्या लेनवर काडी. तिथे सिस्टर, एक शाळेतले पीटीचे सर आणि कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई. दोघांचीही सगळी हयात यंत्रावर गेली होती. त्यात दिवा लागायचा, भोंगा उडी घ्यायच्या प्रत्येक ठोकळ्याखाली वाजायचा, काही बघावं लागायचं नाही. बाई हसून म्हणाल्या, "आज काय, ठो झालं की दाबायचं, नाही का?"

सिस्टरने समोर पाहिलं. पलीकडे सूर्य खाली आला होता, तेव्हासारखाच. पाण्यावर तोच उजेड. आणि तिच्या मनात आलं की आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे. हे दोघे ठो ऐकून दाबतील. मीही ऐकून दाबीन. पोरीला तेच सातव्या भागाचं दान पडेल जे धाकटीला पडलं होतं, आणि ती आरामात मोडेल. कुणाचं काय जाणार? चूक चुकीने फिटेल, धाकटीला काही कळणार नाही, पेंटर नवी पट्टी रंगवेल, आणि मी मरेपर्यंत चष्म्याचं घर शोधणार नाही. इतकं सोपं होतं ते. इतकं सोपं की तिला स्वतःची भीती वाटली.

भिंतीशी पेंटर स्टुलावर बसला होता. सत्तरीचा झाला होता, हात किंचित थरथरायचे. फायनलच्या दिवशी त्याला रंगाचा डबा घेऊन बोलावून ठेवायची पद्धत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता. पलीकडे, स्टार्टरकडे बघत होता, हाताची सावली डोळ्यांवर धरून.

सिस्टरने पर्समधून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "ऐका," ती दोघांना म्हणाली. स्वतःचा आवाज तिला वॉर्डमधल्यासारखा कोरडा वाटला. "ठो वर दाबायचं नाही. पिस्तुलाच्या तोंडाकडे बघायचं. धूर दिसला की दाबायचं. कार्यक्रमपत्रिका कपाळावर धरा, ऊन लागणार नाही."

"एवढ्याने काय फरक पडतोय?" सर म्हणाले.

"पडतो. मला ठाऊक आहे."

शिट्टी झाली. मुली ठोकळ्यांवर चढल्या. धाकटी काठाच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात मागे बांधून, ओठ आत ओढून. स्वतःचं नाव पट्टीवरून उतरावं म्हणून ही बाई दोन वर्षं पहाटे पाचला येत होती. काडी वाकली. सगळा तलाव गप्प. सिस्टरने श्वास धरला. पलीकडे एक पांढरा ठिपका फुटला, तिचा अंगठा खाली गेला, आणि मग, अगदी मग, आवाज आला.

त्या दोघांच्या मधली ती फट तिने एकतीस वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकली.

पंधराव्या मीटरला काडी वर आली तेव्हा पुढे होती. तिसाव्याला तिच्याजवळ कुणी नव्हतं. सिस्टर तिच्याकडे बघत नव्हती, तिला बघायचंच नव्हतं. ती काठाच्या रेषेवर डोळे रोवून उभी होती. हात येताना दिसला, फरशीला लागला, अंगठा दाबला. सरांचं घड्याळ, अठ्ठावीस शेहेचाळीस. बाईंचं, अठ्ठावीस एकोणपन्नास. सिस्टरचं, अठ्ठावीस सत्तेचाळीस.

मधलं सिस्टरचं. पुन्हा.

पंचांनी आकडा वाचला तेव्हा बाकांवरून एकच सुस्कारा निघाला. चार शतांशांनी गेलं. काडी लेनच्या दोरीवर हात टाकून फलकाकडे बघत राहिली. रडली नाही, नुसती बघत राहिली. धाकटी गुडघ्यावर बसली आणि तिच्या ओल्या टोपीवर हात ठेवून म्हणाली, "होतं गं असं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पोहलीस." पेंटरने डब्याचं अर्धवट उघडलेलं झाकण तळव्याने दाबून बसवलं.

तो आवाज ऐकला आणि सिस्टर वळली. ती मुख्य पंचांच्या टेबलाशी गेली. "भिंतीवरचा आकडा खोटा आहे," ती म्हणाली.

पंचांना आधी वाटलं, ऊन लागलं असावं. त्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिने सगळं उभ्यानेच सांगितलं. उजेड, मिटलेले डोळे, आवाजावर दाबलेलं बटण, पेंटरचा प्रश्न आणि तिचं उत्तर. मागे कोण येऊन उभं राहिलंय ते तिला न बघता कळलं होतं. ओल्या चपलांचा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती थांबली नाही. आता थांबले तर पुन्हा बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पुरावा काय?" पंच म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वीचे कागद नाहीत. मास्तर नाहीत."

पेंटर स्टुलावरून उठला. सावकाशच उठला. खालची पट्टी त्याने खिळ्यांवरून उतरवली, टेबलाशी आणली आणि उलटी करून ठेवली. मागच्या कच्च्या लाकडावर पेन्सिलने लिहिलं होतं. तारीख, आणि खाली: माझं घड्याळ २८.५७, धूर पाहून. पेन्सिल पुसट झाली होती, पण अक्षर त्याचंच, वळणदार.

"कुणाला दाखवायला लिहिलं नव्हतं," तो म्हणाला. "पुढे खोटं रंगवायचं, तर मागे खरं असावं म्हणून."

पंचांनी पट्टी हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली. मग म्हणाले, "लेखी द्या, सिस्टर. तुम्हीही सही करा, पेंटर. जुना आकडा सत्तावन्न धरला, तर आजचे सत्तेचाळीस हा विक्रम होतो, मुलीला जागा मिळते. पण विक्रम मॅडमच्या नावावर आहे. त्यांची हरकत असेल तर मला हे समितीकडे पाठवावं लागेल, आणि समिती दोन महिने बसत नाही."

तेव्हा सिस्टरला मागे वळावंच लागलं.

धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. पट्टीच्या मागच्या बाजूकडे बघत होती. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, पण ओठ आत ओढले की सतराचीच दिसायची. सिस्टर म्हणाली, "अगं, अण्णा रडत होते. तू पाण्यात हात वर करून... मला वाटलं, तुझं एवढं तरी राहू दे."

धाकटी म्हणाली, "ताई, दुसऱ्या वर्षी परगावी मला किती आलं होतं?"

सिस्टरला आठवत होतं. तिला सगळे आकडे आठवत होते. पण हे दोन आकडे तिने आजवर शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते, आणि आता ते ठेवले गेले. "पंचावन्न," ती म्हणाली.

"परतीच्या बसमध्ये मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते. म्हटलं, मी संपले. एवढी मेहनत करून बारा शतांश मागे गेले. आठवतंय?"

"हो."

"तू माझ्या केसांतून हात फिरवत होतीस. म्हणालीस, होतं असं."

"हो."

"त्या दिवशी मी माझाच विक्रम मोडला होता, ताई."

पाण्यात काडी अजून पाय हलवत होती.

धाकटी पंचांकडे वळली. "माझी हरकत नाही. कुठे सही करायची ते सांगा." तिने सही केली, पेन नीट जागेवर ठेवलं. मग पेंटरला म्हणाली, "भाऊ, डबा उघडा. काडीचं नाव घाला. पूर्ण नाव तिला तोंडीच विचारून घ्या, ती लिहिताना चुका करते." पेंटर हो म्हणाला. तो पट्टी घेऊन निघाला तशी तिने त्याला थांबवलं आणि दोन्ही हात जोडले. एकतीस वर्षांत त्याला कुणी हात जोडले नव्हते. काय करावं न कळून त्याने पट्टीच छातीशी धरली.

सिस्टरने हात पुढे केला. धाकटीने तो धरला नाही. त्यातलं स्टॉपवॉच तेवढं काढून घेतलं आणि पंचांच्या टेबलावर ठेवलं, अठ्ठावीस सत्तेचाळीस तसंच दिसत असलेलं, आणि काडीला पाण्यातून वर घ्यायला गेली.